गिदोनची चौकशी

अकोल्याहून येणारी पॅसेंजर जऊळक्याला लागायच्या आत हो म्हणायचं की नाही, ते ठरवायचं होतं.

ही घाई नानाजींनी स्वतःच ओढवून घेतली होती. या घराची एक रीत होती. सोयरीक घेऊन आलेला माणूस अंगणात आला की त्याला पाणी द्यायचं, आणि जो पाणी प्यायला त्याला नाही म्हणायचं नाही. नानाजींच्या वडिलांनी ही रीत पाळली, नानाजींनी पाळली. म्हणून दिवाळीत त्यांच्या नातीने, निकिताने, जेव्हा गिदोनशी लग्नाचा विषय काढला, तेव्हा नानाजी म्हणाले होते, "नाही म्हनायचं असन तर तो गाडीत असतानाच म्हना. अंगनात आनून मानसाचा पानउतारा करायचा नाही."

निकिताने तसंच गिदोनला कळवलं. निरोप आला तर जऊळक्याला उतर. निरोप नाही आला तर बसून राहा, वाशीमला उतर आणि पुण्याची बस धर. निरोप नाही म्हणजे नकार.

पोरगा ज्यू, परदेशातला. धर्माचं भांडण दिवाळीतच होऊन गेलं होतं. निकिताच्या बापाने, हरीओमने, भरलं ताट सारलं होतं, तिच्या आजीने, कस्तुराबाईने, देवापुढे बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं गाऱ्हाणं घातलं होतं, आणि शेवटी दोघंही दमले होते. गिदोनच्या देशातल्या लढाईचंही बोलून झालं होतं. लग्न झाल्यावर दोघं पुण्यातच राहणार, हे निकिताने आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. आता उरला होता साधा प्रश्न. पोरगा करतो काय?

पोर्चमध्ये चटई टाकली होती. कस्तुराबाई आणि तिची मुलगी योगिनी तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होत्या. नानाजी खुर्चीवर होते. थोरला मुलगा हरीओम शाळेला रजा टाकून बसला होता. धाकटा गोलू पायरीवर. गोलू आता चाळिशी ओलांडून गेला होता, फौजेतून पेन्शन घेऊन आला होता, पण घरात त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे.

"मी काय म्हनतो," नानाजींनी सुरुवात केली, "पोरगा गायी सांभाळते, हे मले पटलं. गायीच्या मांग राहनारा मानूस घर सोडून भटकत नाही."

गोलूने मान वर केली. "कोनत्या गायी, नानाजी? तो तर फौजेत होता. निकितानं मले सोता सांगतलं."

"फौजेत?" हरीओम हसला. "अबे, तो मास्तर हाये. कॉलेजात शिकवते. म्हनून तर मी तयार झालो."

"दादा, तो सिनेमात हाये," योगिनी शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "अन् म्हनूनच मी तयार नाही."

कस्तुराबाईने सूप खाली ठेवलं. "काहीच्या काही नका बोलू. तो देवाची गानी बांधते. पोरगी माह्या कानात सांगून गेली. देवाच्या मानसाले नाव ठेवू नका."

 सगळे एकमेकांकडे पाहत होते.

"म्हंजे," गोलूने विचारलं, "हा एक पोट्टा हाये का पाच हायेत?"

"अन् पाच असतीन," नानाजी म्हणाले, "तर आज गाडीतून कोनता उतरून राह्यला?"

हरीओम उठला. शाळेत खोडी करणाऱ्या पोराला बोलवावं तशी त्याने आत हाक मारली. "निकिता! बाहेर ये."

*

निकिता स्वयंपाकघरात होती. फोन चार्जिंगला लावला होता, पण सकाळपासून लाइन नव्हती, त्यामुळे तो नुसताच वायरला लटकला होता. ती तो वायरीसकट घेऊन बाहेर आली. पोर्चमधले चेहरे पाहून तिला कळलं की आपली चोरी उघडी पडली. एकोणतीस वर्षांची, पुण्यातल्या स्टुडिओत मोठमोठ्या गायकांना "पुन्हा घ्या" म्हणून सांगणारी ती पोरगी या पाच माणसांपुढे आली की अजूनही ओढणीचं टोक चावायची.

"तू आमाले पाच ठिकानी पाच गोष्टी सांगतल्या," हरीओम म्हणाला.

"मी खोटं नाही बोलली, बाबा. ज्याले जे पटन ते सांगतलं."

"मंग खरं कोनतं?"

"सारंच खरं हाये."

ती चटईवर बसली आणि सांगू लागली. गिदोन जिथे जन्मला तिथे सगळ्या गावाची मिळून एकच शेती आहे, एकच गोठा. सकाळची धार त्याच्याकडे होती. त्याच वयात त्याच्या हाती ट्रॉम्बोन लागला. पितळेचा लांब भोंगा असतो, नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचा. घरात वाजवला की आई ओरडायची, म्हणून तो गोठ्यात जाऊन वाजवायचा.

"गायी बिचकत नव्हत्या?" नानाजींनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"पयल्यांदा बिचकल्या. मंग नाही वाजवला तर पान्हा सोडत नव्हत्या, असं तो म्हनते."

"हं," नानाजी म्हणाले. एवढा भाग त्यांना पटला.

पुढे वय झालं तसं फौजेत जावं लागलं, तिकडे सगळ्यांनाच जावं लागतं. भोंगा वाजवता येत होता म्हणून फौजेच्या बँडमध्ये घेतलं.

"बँडात?" गोलूचा चेहरा उतरला. "अन् बंदूक?"

"शिकला ना, काका. पन वाजवला भोंगाच."

सुटून आल्यावर दोस्तांबरोबर गिटारचा बँड काढला, तो मोडला. मग नाटकांना संगीत दिलं. टीव्हीवर लहान मुलांसाठी गाणी केली. त्यातलं दात घासायचं गाणं तिकडच्या पोरांना अजून पाठ आहे. मग सिनेमे आले. सिनेमावाले पैसे कधी देतील याचा भरवसा नाही म्हणून संगीताच्या कॉलेजात शिकवायला लागला. त्यांच्या प्रार्थनेच्या जागी जुन्या प्रार्थनांना नव्या चाली बांधून दिल्या. आणि आता दोन वर्षं पुण्यात आहे. तिकडे गेलेले, आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू लोक जुनी कीर्तनं म्हणत, ती गोळा करतो आहे. निकिताच्या स्टुडिओत तो त्याच कामासाठी आला होता.

"हे झालं सारं," नानाजी म्हणाले. "पन तो कायम काय करते?"

"संगीत."

"ते समजलं मले. म्या इचारलं, कायम काय? आज गाय, उद्या भोंगा, परवा सिनेमा. एका जागी ज्याचा हात ठरत नाही त्याचा पाय कसा ठरन?"

"तुमचा हात कोनत्या जागी ठरला होता?" कस्तुराबाई सुपाकडे पाहत म्हणाली. "वखर सोडून पंपाच्या मोटारी बांधाले जात होते. मोटारी सोडून भजनात पेटी वाजवाले. पेटी सोडून निवडनुकीत उभे राह्यले. अन् पडले."

"म्या वावर कायम केलं."

"वावर मी कायम केलं. तुमी त्यात मंधा मंधात दिसत होते."

गोलू हसला. हरीओमही हसला. निकिताला वाटलं, झालं, आता वारं फिरलं. पण योगिनी हसली नव्हती. तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे सुपात टाकले, साल वेगळं टाकलं.

"माह्या मालकानं पयले मेडिकल सोडलं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मंग मोबाइलचं दुकान सोडलं. मंग कोंबड्या सोडल्या. मंग मले सोडलं."

नानाजींनी मान खाली घातली. योगिनीचं लग्न त्यांनी एका दुपारी ठरवलं होतं. मुलगा ओळखीतला होता, नात्यातला होता, म्हणून चौकशीला कोणी गेलं नव्हतं. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. योगिनी परत आली, गावात पिठाची गिरणी टाकली, आणि तिनेही कधी तोंडातून काढलं नाही.

"मी हो-नाही काही म्हनत नाही," योगिनी म्हणाली. "पन चौकशी झाल्याबिगर या घरातली दुसरी पोरगी जानार नाही."

*

हे ऐकून हरीओमला बरंच वाटलं. बापाच्या मनात जे होतं ते बहीण बोलली होती.

चौकशी या घरात नीट शिकून करायची गोष्ट होती. मुलाने सांगितलेल्या माणसाला कधीच विचारायचं नाही. पाहुण्यांनाही नाही. गावात जायचं, चहाच्या टपरीवर बसायचं, दाढी करून घ्यायची, आणि कोणासाठी आलो ते सांगायचं नाही. गोलूची बायको पाहायच्या वेळी हरीओम म्हैस घेणारा गिऱ्हाईक बनून गेला होता. त्याने इतकं मन लावून चौकशी केली की पोरगीही पसंत पडली आणि म्हैसही घ्यावी लागली.

"पन तिकडं कोन जाईन चौकशीले?" गोलू म्हणाला. "विमानानं म्हशी पाहाले जाऊ का मी?"

"फोन हाये ना," योगिनी म्हणाली. "पन त्याचा दोस्त नको. मले शेजारीन पाह्यजे. अन् त्याच्यासंग भांडलेली पाह्यजे."

"भांडलेली कायले?"

"जिचं पटते ती गोडच बोलन. जिचं भांडन झालं ती सारं सांगते."

"तसं कोनी नाही, आत्या," निकिता घाईने म्हणाली. इतक्या घाईने की योगिनीने लगेच तिच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात दारातून भागिरथाचा आवाज आला. भागिरथा निकिताची आई. पदराला हात पुसत ती चौकटीत उभी होती. "रिबेकाबाईले लावा ना फोन."

"आई!"

"कोन रिबेकाबाई?" हरीओमने विचारलं.

"तिकडं त्याच्या घराच्या वरच्या माळ्यावर राह्यते. भोंग्यापायी पोलिसात गेलती त्याच्यावर. मराठी बोलते. कोकनातली हाये, पोरगी होती तवाच तिकडं गेली."

हरीओम बायकोकडे पाहतच राहिला. "तुले कसं मालूम?"

"मले तर दोन वर्सांपासून सारंच मालूम हाये. गायी, फौज, भोंगा, सारं."

"अन् तू बोलली नाही?"

"मले कोनी इचारलंच नाही," भागिरथा म्हणाली.

निकिताने फोन छातीशी धरला. "ती बाई लई खवीस हाये, आत्या. ती काय बोलन त्याचा नेम नाही. त्याले सक्काळ-संध्याकाळ शिव्या देते. तिच्या शब्दावर नका ठेवू माह्यं लगीन."

"मंग तीच पाह्यजे," योगिनी म्हणाली आणि हात पुढे केला.

फोनची बॅटरी थोडीच उरली होती. लावू नको म्हणण्याइतकी हिंमत निकितात उरली नव्हती. तिने नंबर लावून दिला.

*

कस्तुराबाईने व्हिडिओवर माणूस पाहिला होता, पण परमुलखातली बाई कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं होतं, कोणी गोरी मॅडम दिसेल. पडद्यावर आली ती आपल्याच बाजारात वांगी निवडताना दिसावी अशी म्हातारी. मेंदी लावलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, मागे ओट्यावर कोथिंबीर.

"कोण, निकिता? अगो, एवढी माणसं कशाला जमली मागे? कोण गेलं?"

"कोनी नाही गेलं, मावशी," गोलूने फोन घेतला. त्याने रीतीप्रमाणे सोंग घेतलं. "मी पुण्याहून बोलून राह्यलो. आमी एक भाडेकरू ठेवतो म्हनलं. गिदोन नावाचा. तर म्हटलं, मानूस कसा काय हाये..."

"तू पोरीचा काका काय?"

गोलूने हरीओमकडे पाहिलं.

"लग्नाची चौकशी आहे ना?" रिबेकाबाई म्हणाली. "आमच्या रोह्याकडे म्हैस बघायला म्हणून यायचे. माझ्या वेळी तिघं आले. आमच्याकडे म्हैस नव्हतीच."

कस्तुराबाईला ती बाई एकदम आवडली. तिने गोलूच्या हातून फोन ओढला आणि कानाला लावला.

"आजी, कानाले नाही, समोर धरा," निकिता कळवळून म्हणाली. "त्याहीले तुमचा कान दिसून राह्यला."

"दिसू दे. कान काही वंगाळ नाही माहा." मग तिने फोन समोर धरला. "मी पोरीची आजी. आता सांगा बाई, मानूस कसा हाये? झाकू नका काही."

"झाकते कशाला? ऐका." रिबेकाबाईने कोथिंबीर बाजूला सारली. "एक नंबरचा गबाळा. दूध ठेवतो गॅसवर आणि बाजा वाजवत बसतो. दूध जळतं, वास मला. तो भोंगा म्हणजे तर म्हैस हंबरावी तसा. माझी दुपारची झोप गेली. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पोलीस आणले."

निकिताने डोळे मिटून घेतले.

"मंग?" योगिनीने मध्येच विचारलं. ती आजीच्या खांद्यावरून वाकली होती. "पोलीस आल्यावर काय केलं त्यानं?"

"काय करणार? हो म्हणाला. दुपारचं वाजवणं बंद. मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही. बरं झालं. तर मेला चौथ्या दिवशी दारात हजर. म्हणतो, आजी, भांडी घासताना काय म्हणतेस? मला खाली ऐकू येतं. ते पुन्हा म्हण."

"काय म्हनत होत्या तुमी?"

"माझा बाप कीर्तन करायचा. मोशे लहान असताना त्याला पेटीत घालून नदीत सोडला, ती गोष्ट. त्यातलं एक कडवं मला येतं. राजाची लेक नदीवर येते, तिथपर्यंत. पुढचं मी विसरले. मी त्याला हाकलला. तो परत आला. शेवटी म्हटलं एकदाचं. तर म्हणतो, पुढचं काय? मी म्हटलं, पुढचं बापाबरोबर गेलं. तो म्हणतो, मी आणतो शोधून."

"मंग आनलं का?" नानाजींनी लांबूनच विचारलं.

"कुठलं! या देशात आमच्या जितक्या म्हाताऱ्या आहेत तितक्यांच्या घरी जाऊन आला. कोणाला सुरुवात येते, कोणाला शेवट येतो, मधलं कोणालाच येत नाही. मग तिकडे इंडियात गेला. अलिबाग झालं, रोहा झालं, पेण झालं. मी सांगितलं, सोड रे बाबा, एका कडव्यासाठी जन्म घालवतोस काय? मला गरज नाही. तर दर शनिवार संपला की रात्री फोन करतो. आजी, अजून नाही मिळालं." तिने चष्मा वर सारला. "कामं त्याने शंभर केली असतील. पण धरलं ते सोडत नाही, हा त्याचा रोगच आहे. तो मोडका गिटारचा बँड आहे ना? मोडला म्हणतात. दर उन्हाळ्यात हा इकडे आला की ते टकले गच्चीवर जमतात आणि तीच जुनी गाणी बेसूर वाजवतात. मला ऐकावी लागतात."

 योगिनी सरळ उभी राहिली.

कस्तुराबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. "बाई, ते मधलं कडवं सापडत नसन तर जोडून टाका ना."

"जोडून? म्हणजे आपल्या मनाचं?"

"हाव. आमी जात्यावर जोडतच होतो. राजाची लेक नदीवर आली. आता पेटी दिसली तर ती काय करन? सखीले म्हनन, माय व, पान्यात काय वाहून राह्यलं..."

"देवाच्या गोष्टीत आपलं घालायचं?"

"मंग कोनाचं घालायचं? शेजारनीचं?"

रिबेकाबाई मोठ्याने हसली. तिचा एक दात नव्हता, ते कस्तुराबाईला दिसलं आणि तिला आणखी बरं वाटलं. "थांबा, पहिलं म्हणून दाखवते, मग तुम्ही पुढचं जोडा," असं म्हणून रिबेकाबाईने घसा खाकरला, सूर लावला, आणि पडदा काळा झाला.

"गेला," गोलू म्हणाला. "बॅटरी."

"माय, गानं व्हतं ना आत!" कस्तुराबाई फोन हलवू लागली.

*

नानाजींनी फोनकडे पाहिलं नाही. ते लेकीकडे पाहत होते.

"सांग," ते म्हणाले. "मी काही बोलनार नाही. तू म्हनशीन ते."

 योगिनीच्या लग्नात तिला कोणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा घराने पूर्ण शब्द तिच्या हाती दिला होता, आणि तो इतका जड लागेल असं तिला वाटलं नव्हतं. ती खाली पडलेली सालं पायाने एका जागी करू लागली.

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला.

"अरे बाप्पा!" हरीओम ओरडला. "त्याले निरोप द्यायचा राह्यला!"

"मंग दे ना फोन लावून."

"कशावर? हा तर मेला."

"माह्या फोनवरून लावा," गोलूने फोन काढला. "निकिता, नंबर सांग."

निकिताचं तोंड उघडंच राहिलं. नंबर काळ्या पडलेल्या फोनमध्ये होता. तिने गेल्या दोन वर्षांत तो कधी बोटांनी लावलाच नव्हता, नावावर टिचकी मारली की लागायचा. "पाठ नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तो बसून राहीन. मी सांगतलं होतं, निरोप नाही म्हंजे नाही. तो नाही उतरनार."

योगिनीने गोलूची स्कूटी घेतली. निकिता पळत जाऊन मागे बसली.

"अवं, हो का नाही ते तरी सांगून जा!" नानाजी खुर्चीवरून उठून ओरडले.

योगिनीने स्कूटी चालू केली. तेवढ्यात भागिरथा फाटकापर्यंत धावत आली आणि तिने भरलेली पाण्याची बाटली नणंदेच्या हातात कोंबली.

"उनाचं असू द्या, बाई. कोनाले तहान लागली तर."

योगिनीने बाटलीकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "वहिनी, तुमी लई पोचलेल्या हायेत."

"मी काय केलं?" भागिरथा म्हणाली.

*

स्टेशनवर त्या पोचल्या तेव्हा गाडी लागलेली होती. जऊळक्याला ती फार थांबत नाही. उतरणाऱ्या बाया डोक्यावरची गाठोडी सावरत निघाल्या होत्या.

"तू इंजिनाकडून पाह्य, मी मांगून पाह्यतो," योगिनी म्हणाली. "अन् ऐक. म्या अजून हो म्हटलं नाही."

निकिता पुढे पळाली. योगिनी एकेक खिडकी पाहत निघाली. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. गाय राखणारा पाहायचा, फौजी पाहायचा, की सिनेमावाला, तेही तिला ठरवता येईना. पण तो दिसला तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. खिडकीशी एक उंच, दाढीवाला माणूस बसला होता. मांडीवर भोंगा मावेल अशी लांबलचक काळी पेटी उभी धरली होती. सगळा डबा खिडकीतून बाहेर पाहत होता, हा समोरच्या लाकडी बाकाकडे पाहत होता. पलीकडे निकिता त्याचं नाव घेत पळत असावी, तरी त्याने मान वळवली नव्हती. सांगितलं होतं तसा बसून होता.

योगिनी डब्यात चढली.

"गिदोन?"

तो दचकून उठला. "नमस्कार."

"उतरा."

"नाय, नाय." त्याचं मराठी रिबेकाबाईच्या ओट्यावरचं होतं. "निरोप नाय आला. मला वाशीमला जायाचं."

"फोन बंद पडला. उतरा लवकर."

"निकिता बोलली, निरोप आला तरच."

"अवो, मीच निरोप हाये!"

त्याला ते पटलं नाही. गाडीने भोंगा दिला. तो या बाईला ओळखत नव्हता आणि एकदा दिलेला शब्द मोडायला तयार नव्हता. समोरच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "मानूस येडा हाये का, बाई?" योगिनीला एकदम हसू आलं. जागचा हलायलाच तयार नसलेला पुरुष ती पहिल्यांदा पाहत होती.

डबा हलला. तिने पुढचा विचार केला नाही. काळी पेटी त्याच्या हातून ओढली, छातीशी धरली आणि दारातून खाली उतरली.

"ओ! ओ, बाई!"

पेटीच्या मागे माणूस उतरला. त्याच्या मागे कोणीतरी खिडकीतून त्याची पिशवी फेकली. गाडी निघून गेली, आणि मोकळ्या रुळांच्या कडेला तो धापा टाकत उभा राहिला, दोन्ही हात पेटीसाठी पुढे केलेले. प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाहून निकिता पळत येत होती.

योगिनीने पेटी दिली नाही. तिने ती नीट खाली ठेवली, कमरेला खोचलेली बाटली काढली आणि झाकण उघडून त्याच्या पुढे धरली.

"प्या."

तो बऱ्याच वेळचा तहानलेला असावा. त्याने बाटली घेतली आणि एका दमात अर्धी केली. निकिता येऊन पोचली, तिने त्याच्या तोंडाला लागलेली बाटली पाहिली, मग आत्याकडे पाहिलं, आणि मटकन पेटीवर बसून रडायला लागली.

गिदोन घाबरला. त्याने बाटली उन्हाकडे धरून पाहिली. "पाण्यात काय आहे काय?"

"हाये," योगिनी म्हणाली. "पन आता काही उपेग नाही. पिऊन झालं तुमचं."